चेंडूविना धावणाऱ्याचे मोल



रग्बी लीग हा खेळ मजुरीच्या प्रश्नातून जन्मला. खाणीत व गिरणीत राबणारा खेळाडू सामन्यासाठी खाडा करी, तेव्हा त्याची मजुरी बुडे. ती भरून देण्यास जुन्या संघटनेचा विरोध होता. म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तर इंग्लंडमधील क्लब तिच्यातून बाहेर पडले.

प्रश्न आजही मजुरीचाच आहे. चेंडू तेरांपैकी एकाच्याच हाती असतो. उरलेल्यांपैकी कोणी चेंडू मिळणार नाही हे ठाऊक असूनही धावतो व बचावपटूंना आपल्याकडे ओढतो. कोणी प्रतिस्पर्ध्याला पाडून पुन्हा बचावाच्या रांगेत परततो. नाव मात्र शेवटी चेंडू टेकवणाऱ्याचे होते, आणि करारात बोलीही त्याच्यावरच चढते. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये क्लबांच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा आली, ती आजही आहे. साहजिकच एकाचा वाटा फुगला की दुसऱ्याचा आटतो.

अंगावरची यंत्रे आता हे धावणेही मोजतात. पण मोजदाद मालकाच्याच वहीत राहिली, तर तिचा चाबूक होतो. उक्त्या कामासारखा मीटरमागे दर लावणे हाही उपाय नव्हे. उपाय सामुदायिक कराराचा आहे. २०२३ मध्ये तेथील खेळाडूंच्या संघटनेने सामन्याच्या दिवशी वृत्तमाध्यमांवर बहिष्कार घातला, तो अशाच करारासाठी. नामवंत खेळाडू एकटाही वाटाघाट करू शकतो. रांगेत परतणाऱ्यास संघटनेवाचून गत्यंतर नाही.