सरहद्दीपलीकडील ज्वारीची वाट
(दुष्काळ-निवारण कमिटीच्या वार्षिक सभेंत वर्गणीदारांपुढें केलेलें भाषण)



आपण ह्या फंडास दिलेला पैसा कोणत्या वाटेनें जातो व कोठें अडतो, हें आपणांस निवेदन करण्याचें काम कमिटीनें आज आमच्याकडे सोंपविलें आहे. ती वाट सुदान देशांतील दार्फुर प्रांतांत जाते. त्या दूरच्या मुलखाशीं आपला संबंध काय, असा प्रश्न वर्गणी मागतांना आम्हांस अनेकांनीं केला. तेथील गरिबांचें मुख्य अन्न ज्वारी व बाजरी हेंच आहे. ज्वारीच्या पिठाचा ‘असीदा’ ते करतात. तो आपल्याकडील घाट्यासारखाच होय. ज्वारीचें कणगें रिकामें होणें म्हणजे काय, हें दख्खनच्या माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु दार्फुरचा दुष्काळ केवळ आभाळानें आणलेला नव्हे. त्यास मुख्य कारण युद्ध आहे.

१५ एप्रिल २०२३ रोजीं सुदानचें सरकारी लष्कर व ‘जलद सहाय्य दल’ नांवाचें निमलष्करी दल यांच्यांत खार्तुम शहरीं लढाई पेटली, आणि लवकरच ती दार्फुरांत पोहोंचली. एल जेनिना शहरांत मसालित लोकांची भयंकर कत्तल झाली. त्या एका शहरांत २०२३ सालीं दहा ते पंधरा हजार माणसें मारलीं गेलीं, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाचा अंदाज आहे. जे वांचले त्यांतील पुष्कळजण सुमारें तीस किलोमीटर वाट तुडवून चाड देशांतील आद्रे ह्या गांवीं आले. सुमारें चाळीस हजार वस्तीच्या त्या लहान गांवाभोंवतीं पुढें दोन लाखांहून अधिक निर्वासित जमले.

आतां धान्याची वाट ऐका. चाड देशास समुद्रकिनारा नाहीं. परदेशचा माल कॅमेरून देशाच्या दुआला बंदरांत उतरतो, तेथून मालमोटारींनीं न्जामेना, मग अबेशे व शेवटीं आद्रे. न्जामेनापासून आद्रे सुमारें नऊशें किलोमीटर आहे. आद्रेपलीकडे वाळूचा एक ओढा लागतो, तीच सरहद्द. कोरड्या दिवसांत त्यावरून गाढवांच्या व घोड्यांच्या गाड्या सारख्या जातात-येतात. जून ते सप्टेंबरपर्यंत मात्र दार्फुरांतील असेच ओढे फुगून वाहूं लागतात व रस्ते चिखलांत बुडतात. आम्ही आद्रेपर्यंत गेलों व ओढ्याच्या अलीकडेच थांबलों. जे ओलांडून पुढें जातात ते मालमोटारींचे चालक होत, आणि ह्या कार्यांतील खरा धोका त्यांच्या वांट्यास येतो. २ जून २०२५ रोजीं एल फाशर शहराकडे निघालेल्या राष्ट्रसंघाच्या पंधरा मालमोटारींच्या तांड्यावर एल कोमा येथें हल्ला झाला व पांच माणसें ठार झालीं. तो तांडा अठराशें किलोमीटरांहून अधिक वाट चालून तेथवर आला होता.

निसर्गाइतकीच हुकमांचीही अडचण आहे. ह्या वाटेनें शत्रूस शस्त्रें पोहोंचतात, असें म्हणून सुदान सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें आद्रेहून मदत नेण्यास मनाई केली. ती मनाई चालू असतांनाच १ ऑगस्ट २०२४ रोजीं झमझम छावणींत दुष्काळ असल्याचें तज्ज्ञ समितीनें जाहीर केलें. त्याच महिन्यांत वाट तीन महिन्यांच्या बोलीनें उघडली, व पुढें ती मुदत वाढत गेली. परंतु तोंवर भर पावसाळा आला होता, आणि जेनिना व झालिंगेई यांच्या दरम्यानचा मोर्नेई येथील पूल त्याच ऑगस्टांत पडला.

येथें आमची चूक आम्हीं कबूल केली पाहिजे. परवानगी मिळाल्यावर खरेदी करावी, असें आम्हीं ठरविलें होतें. शहाणा अडत्या असें कधीं करीत नाहीं. बाजार उघडण्यापूर्वींच त्याचा माल वखारींत असतो. परवानगी आली तेव्हां आमच्या हातीं पैसा होता, पण सरहद्दीवर पोतें नव्हतें. यापुढें मे महिन्याच्या अखेरीपूर्वीं धान्य आद्रे येथें पोहोंचलेलें असावें, असा कमिटीचा निश्चय आहे.

जेथें मालमोटार जात नाहीं तेथें पैसा जातो. सुदानांत मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुणांनीं व स्त्रियांनीं मदतमंडळ्या स्थापून सामाईक स्वयंपाकघरें चालविलीं आहेत. त्यांस मोबाइलवरून रक्कम पाठवितां येते. परंतु रोकड दुर्मिळ असल्यामुळें ती हातीं घेतांना जबर बट्टा पडतो. हा बट्टा आम्ही हिशेबांत वेगळा दाखवितों. हुंडीचा व्यवहार ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्यांस त्याचें मर्म सहज कळेल.

आपलें अन्न बंदूकवाल्यांच्या हातीं पडणार नाहीं कशावरून, असें कोणी विचारतात. एक दाणाही पडणार नाहीं, अशी हमी आम्ही देऊं शकत नाहीं. परंतु त्या भीतीनें हात आंखडला, तर उपाशी राहतो तो बंदूकवाला नव्हे. एल फाशर शहरास सुमारें अठरा महिने वेढा पडला होता. त्या काळांत तेथील माणसांनीं ‘अंबाझ’ खाऊन दिवस काढले. अंबाझ म्हणजे भुईमुगाचें तेल काढल्यावर उरलेली पेंड. आपण ती गुरांपुढें टाकतों. पुढें तीही मिळेनाशी झाली, आणि २६ ऑक्टोबर २०२५ रोजीं शहर पडलें.

सद्गृहस्थहो, आमची विनंति रकमेपेक्षां वेळेविषयीं अधिक आहे. जूनमध्यें दिलेला रुपया चिखलांत अडकतो. फाल्गुनांत दिलेला रुपया ओढा ओलांडून जातो. जें द्यावयाचें असेल तें आजच द्यावें. चिटणीस दाराशीं वही घेऊन बसले आहेत. प्रत्येकानें आपली पावती मागून घ्यावी, आणि पुढील सभेंत त्या पैशाचा जाब आम्हांस विचारावा.