न कोमेजणारे फूल

व्हाइटफील्ड हे बंगळूरच्या पूर्वेकडील उपनगर. त्याचे नाव निघाले की आज डोळ्यांसमोर येतात त्या काचेच्या उंच इमारती आणि संगणकापुढे बसलेली तरुण माणसे. परंतु हे गाव वसले ते शेतीसाठी. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेला येथे सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. त्या संस्थेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांची इच्छा अशी होती की, आपल्या लोकांनी केवळ सरकारी चाकरीच्या आधाराने जगू नये, मातीत हात घालावा. त्यांच्याच नावाने गाव ओळखले जाऊ लागले. अशा गावात माझ्यासारख्या सरकारी चाकरानेच बिऱ्हाड करावे, यात थोडी गंमत आहे खरी. पत्नीची नोकरी या भागात आणि माझी कचेरी शहरात, म्हणून आम्ही येथे राहिलो. व्हाइटसाहेबांचा उपदेश मी पाळला तो एवढाच, की तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात सहा कुंड्या मांडल्या. त्या कुंड्यांतील एका फुलाविषयी मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हे फूल आपण सर्वांनी पाहिलेले असते. नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मोठ्या बटणाएवढा, जांभळट गुलाबी रंगाचा गोल गोंडा, हाताला किंचित खरखरीत आणि कागदासारखा कोरडा. कोणी त्याला गुलमखमल म्हणतात, कोणी नुसते बटणफूल. आमच्या रस्त्यावरची तमिळ फुलवाली त्याला ‘वाडामल्ली’ म्हणते. वाडामल्ली म्हणजे न वाळणारी मोगरी. केरळात ओणमच्या रांगोळीत ते असते. त्याचे मूळ घर मध्य अमेरिकेत. राजगिरा, माठ आणि कोंबडा यांच्याच कुळातले हे झाड आहे, आणि त्याचा रंगही बीटाच्या लाल रंगाच्या जातीचा आहे.

इंग्रजीत याला ‘ग्लोब अमॅरंथ’ म्हणतात. अमॅरंथ हा शब्द मूळ ग्रीक. अर्थ, न कोमेजणारे. योगायोग असा की, आपल्या अमरकोशातही ‘अम्लान’ नावाची एक वनस्पती आहे, आणि काही संस्कृत-इंग्रजी कोशांनी अम्लान म्हणजे हेच फूल, असा अर्थ देऊन टाकला आहे. पण अमेरिकेतले झाड अमरसिंहाला कोठून दिसणार? त्याने अम्लानाच्या पाठोपाठ तांबड्या कुरबकाचे आणि पिवळ्या कुरंटकाचे नाव घेतले आहे. म्हणजे ही आपली अंगणातली कोरांटीच. नाव आधीपासून येथे होते, फूल समुद्र ओलांडून मागाहून आले आणि त्या नावात जाऊन बसले.

ते कोमेजत का नाही, याचे कारण मात्र अगदी साधे आहे. ज्याला आपण फूल म्हणतो ती खरी फुले नव्हेतच. ती आहेत रंगीत, शुष्क छदे. खरी फुले त्यांच्या आड दडलेली, पांढुरकी-पिवळसर, अगदी लहान. गुलाबाच्या पाकळीत पाणी असते, म्हणून ती तजेलदार दिसते आणि म्हणूनच सुकते. येथे सुकावयाला पाणीच फारसे नाही. जे आधीच कोरडे आहे, ते कोमेजणार कसे?

२०२४ च्या जानेवारीत लालबागेतल्या पुष्पप्रदर्शनाहून परतताना मी बियांची एक पुडी आणली. बी पाहून प्रथम मी गोंधळलो. कापसाचा बारीक पिंजका असावा तसे ते लवदार असते. मी ते बोटभर खोल पुरले, वर रोज तांब्याभर पाणी ओतले आणि पंधरा दिवस वाट पाहिली. तीन रोपे वर आली आणि मानेशी कुजून आडवी पडली. कचेरीत एखाद्या प्रकरणाकडे वरिष्ठांचे फार लक्ष असले म्हणजे त्याचे जे होते, तेच माझ्या बियांचे झाले.

उरलेले बी पेरताना मी शहाणा झालो होतो. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवले. लाल माती, कुजलेले शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण पसरट कुंडीत भरले, त्यावर बी विखरून जेमतेम झाकेल एवढीच माती भुरभुरली, आणि पाणी ओतले नाही, शिंपडले. दहाव्या-बाराव्या दिवशी कोंब दिसले. सहा पाने झाल्यावर रोपे वीतभर अंतराने लावली आणि थोडी मोठी होताच त्यांचे शेंडे खुडले. शेंडा खुडताना हात अडखळतो. पण तो खुडला नाही तर झाड एकशेवडी वाढते, आणि खुडला तर चहूबाजूंनी फांद्या फुटून प्रत्येक फांदीवर गोंडा येतो. खत बेताचे द्यावे. फार पोसलेले झाड पानेच मिरवते. ऊन मात्र दिवसातून सहा तास तरी हवेच.

त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरात पाण्याचा दुष्काळ पडला. कूपनलिका आटल्या, आमच्या भागात टँकरची वाट पाहत लोक उभे राहू लागले, आणि पिण्याचे पाणी बागेला घालणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी तेवढे झाडांना राहिले, तेही दोन दिवसांआड. शेजारच्या कुंडीतले गुलाब गेले. ही झाडे दुपारी माना टाकीत आणि सकाळी पुन्हा उभी राहत. मे महिन्यात त्यांना पहिले गोंडे आले. त्यांतले काही मी झाडावरच पिकू दिले, आणि त्यांचे बी जुलैत पुन्हा पेरले, म्हणजे दिवाळीला फुले मिळतील. पावसाळ्यात काळजी उलटी. पाणी साचू द्यायचे नाही, झाडांची दाटी होऊ द्यायची नाही. नाहीतर पानांवर ठिपके पडतात.

ऑक्टोबरात सज्जा जांभळा झाला. फुले टिकवायची तर दव उडाल्यावर, गोंडा पूर्ण भरलेला असताना लांब दांड्यासह कापावा. दहा-बारा दांड्यांची सैल जुडी बांधून ती हवेशीर, अंधाऱ्या जागी उलटी टांगावी. दोनतीन आठवड्यांत ती वाळते आणि रंग जसाच्या तसा राहतो. उन्हात वाळवली तर रंग उडतो. मी जुड्या जिन्याखालच्या कोनाड्यात टांगल्या होत्या. तेथे आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने त्या पाहिल्या.

हा नेपाळच्या डोंगराळ भागातला तरुण. जुडीपाशी बराच वेळ उभा राहून तो म्हणाला, “साहेब, ही तर आमची मखमली. भाईटिकेसाठी यातली वीस फुले द्याल?” भाईटिका म्हणजे त्यांची भाऊबीज. त्या दिवशी बहीण भावाच्या कपाळी टिळा लावते आणि गळ्यात मखमलीचा हार घालते. हे फूल जसे कोमेजत नाही, तसे भावाचे आयुष्य अखंड राहावे, ही त्यामागची भावना. पलीकडच्या इमारतीत त्याच्या गावाकडची एक बाई काम करीत होती, ती त्याला टिळा लावणार होती. मी विचारले, “सख्खी बहीण?” तो हसून म्हणाला, “ती गावी आहे. मी तीन वर्षांत गेलो नाही. पण ती दर वर्षी हार करते आणि खिळ्याला अडकवून ठेवते. आता तीन हार झाले असतील. मी गेलो की तिन्ही एकदम घालील.”

मी त्याला वीसाच्या जागी चाळीस फुले दिली. पण रात्री मला झोप येईना. माझी थोरली बहीण वाईला असते. दर भाऊबीजेला मी तिला न चुकता पैसे पाठवीत असे, दूरध्वनीवर बोलत असे. बदल्या, मुलांच्या परीक्षा, वर्षाअखेरची कामे अशी कारणे दर वर्षी नवी आणि दर वर्षी खरी होती. आमच्या नात्यात कधी वाकडा शब्द आला नव्हता. ते कोमेजले नव्हते. त्याचा रंग जसाच्या तसा होता. ताईच्या घरी तसा एक खिळा असता, तर त्यावर आठ हार लोंबत असते.

३ नोव्हेंबर २०२४ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, मी सकाळी वाईत उतरलो. पिशवीत मखमलीची एक जुडी होती. ताईने ओवाळले. मग मी तिला नेपाळातला रिवाज सांगितला, तेव्हा तिने सुईदोरा आणून पाच मिनिटांत हार ओवला आणि हसत हसत माझ्या गळ्यात घातला. मी म्हणालो, “हा आता वर्षानुवर्षे असाच राहील बघ. कोठेतरी टांगून ठेव.”

तिने एक गोंडा नाकाशी नेला. “रंग आहे रे, पण वास नाही याला,” ती म्हणाली. मग उरलेल्या फुलांतले एक तळहातावर घेऊन तिने ते अंगठ्याने चुरडले. माझ्या तोंडून अरेरे निघाले. त्या चुऱ्यावर तिने हलकेच फुंकर घातली, आणि तळहातावर लवदार बी राहिले. “टांगून काय करू? बी आहे की यात. पाऊस लागला की पेरीन.” तिने आणखी चार-पाच फुले कुस्करली, बी कागदात बांधले आणि ती पुडी तुळशीच्या कोनाड्यात ठेवली.

त्या फुलांत बी आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी स्वतः ते पेरले होते. परंतु जुडी टांगली की ती जपून ठेवण्याची वस्तू झाली, अशी माझी समजूत होऊन बसली होती. फूल राखायचे तर ते टांगून ठेवावे. झाड राखायचे तर फूल मोडावे लागते, आणि मग रोज पाहावेही लागते.

२०२५ च्या श्रावणात ताईचा निरोप आला, की तुळशीवृंदावनाभोवती अकरा रोपे लागली आहेत आणि पहिला गोंडा धरला आहे. मी अनुभवाने तिला बजावले, “फार पाणी घालू नकोस हं.” ती म्हणाली, “पाणी मी बेतानेच घालते. तू दिवाळीला येतोस ना, ते सांग.”

मी रजेचा अर्ज त्याच दिवशी दिला.