पेटीवरील लेबल आणि बिनतारी जाळें

द्राक्षांची पेटी एकदां बंद झाली, म्हणजे तिच्यांतील माल कोणत्या बागेंतला हें सांगण्याची शक्ति फळांत उरत नाहीं. बारामती तालुक्यांतील घड आणि इंदापूर तालुक्यांतील घड शेजारीं शेजारीं ठेवले, तर जाणत्या बागाइतदारासही ते वेगळे काढतां येतील असा भरंवसा देतां येत नाहीं. पेटीवर चिकटविलेल्या बोटभर कागदावरच पुढील सारी ओळख अवलंबून असते. हा कागद म्हणजे लेबल. तें छापणारें यंत्र लहान, किंमतीनें बेताचें आणि दिसण्यांत साधें असतें. परंतु वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्याच्या तोंडून बाहेर पडत असल्यामुळें त्याची मांडणी कशी करावी, हा विषय कारकुनी ठरवून बाजूस सारण्यासारखा नाहीं.

पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास असलेले हे दोन तालुके मूळचे कमी पावसाचे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीच्या बाजूस बागाईत वाढूं लागली. पुढें सोलापूर जिल्ह्यांत भीमेवर उजनीचें धरण झालें व १९८० नंतर त्याचें मागें पसरलेलें पाणी इंदापूरच्या सीमेवर येऊन ठेपलें. उंसाबरोबर द्राक्ष व डाळिंब हीं फळें येथें रुजलीं. बोरीचीं द्राक्षें आणि निमगांव केतकीचीं डाळिंबें व पानमळे यांचीं नांवें परिसरांत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. यांतील निवडक माल परदेशीं जातो. द्राक्षें तोडल्यावर तीं लवकर थंड करावीं लागतात, शून्य ते एक अंशाच्या शीतगृहांत ठेवावीं लागतात आणि थंड कंटेनरांतून समुद्रमार्गें युरोपकडे रवाना करावीं लागतात. या सर्व प्रवासांत पेटी अनेकांच्या हातांतून जाते. बागाइतदार मात्र आपल्या बांधावरच राहतो. त्याच्या वतीनें बोलणारें असें पेटीवर लेबलावांचून दुसरें कांहीं नसतें.

लेबलास इतकें महत्त्व कां आलें, त्याला इतिहास आहे. २००३ सालीं युरोपांत पोंचलेल्या भारतीय द्राक्षांत ठरलेल्या मर्यादेहून अधिक कीटकनाशकाचा अंश आढळला. दोष कांहीं मालाचा. परंतु संशय साऱ्या देशाच्या द्राक्षांवर आला. कोणती पेटी कोणाच्या बागेंतून आली हें तत्काळ दाखवितां आलें नाहीं, तर निर्दोष मालही दोषी मालाबरोबर अडकतो, हा त्या प्रसंगाचा धडा होता. युरोपीय संघाचा १७८ क्रमांकाचा २००२ सालचा अन्नकायदा याच विचारावर उभा आहे. माल कोणाकडून घेतला व कोणास दिला, हें प्रत्येक व्यापाऱ्यास दाखवितां आलें पाहिजे, हें त्यांतील कलम १ जानेवारी २००५ पासून लागू झालें. भारतांत ‘अपेडा’ या निर्यात प्राधिकरणानें २००६ सालीं ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केली. बागेची नोंदणी कृषिखात्याकडे होते, नमुना प्रयोगशाळेंत तपासला जातो, आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीच्या कामावर लक्ष ठेवतें. नोंदणी, तपासणी, पॅकहाऊस आणि पेटी हीं सारीं एका साखळीचीं कडीं होत. साखळीचें शेवटचें कडें कागदाचें आहे, एवढाच काय तो फरक.

आतां यंत्राकडे वळूं. लेबल प्रिंटरांत शाईची दौत नसते. त्यांत बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची एक पट्टी असते. साधारण यंत्रांत एका इंचांत असे २०३ ठिपके, म्हणजे एका मिलिमीटरांत सुमारें ८, बसविलेले असतात. छपाईच्या दोन रीती आहेत. पहिलींत कागदच असा असतो, कीं उष्णता लागतांच तो काळा पडतो. ही रीत स्वस्त व सुटसुटीत; परंतु ऊन व ऊब यांनीं अक्षर पुढें फिकें होतें, किंवा सारा कागदच काळवंडतो. दुसऱ्या रीतींत मेणाची किंवा राळेची रिबन मध्यें असते व तिच्यावरील काळा लेप वितळून लेबलावर बसतो. कित्येक आठवडे थंडींत व ओलाव्यांत राहणाऱ्या पेटीसाठीं ही दुसरी रीतच योग्य होय. थंड पेटी उबदार हवेंत आली म्हणजे तिच्यावर दंव धरतें. त्या दंवांत ज्याचें अक्षर टिकत नाहीं, तें लेबल गोदींत पोंचेपर्यंत मुकें झालेलें असतें.

यंत्र संगणकास तारेनें जोडतां येतें, मग बिनतारी जाळ्याची यातायात कशासाठीं? याचें उत्तर पॅकहाऊसच्या रचनेंत आहे. हंगामांत वजनकांट्याचीं टेबलें मालाप्रमाणें हलवावीं लागतात. जमीन धुतली जाते, क्रेट ओढले जातात, ट्रॉल्या फिरतात. अशा जागीं जमिनीवरून गेलेली तार पायांत येते, तुटते, नाहीं तर कोणाला तरी पाडते. वजन जेथें होतें, तेथेंच लेबल निघालें, तर चुकीला वाव कमी राहतो. म्हणून प्रिंटर कांट्याजवळ आणि संगणक कचेरींत, अशी मांडणी सोयीची ठरते.

ज्या लहरींवरून हें काम चालतें, त्या नभोवाणीच्या लहरींच्याच कुळांतल्या. फक्त लांबीनें फार आंखूड. जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अशाच आंखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा ठराविक शक्तीच्या मर्यादेंत वापर करण्यास भारत सरकारनें २००५ सालीं परवान्याची अट काढून टाकली, आणि हीं जाळीं घरोघर व दुकानोदुकानीं पसरलीं. वीट व माती यांतून या लहरी कांहींशा क्षीण होऊन कां होईना, पार जातात. धातूचा पत्रा मात्र त्यांना परतवितो, आणि पाणी त्यांना शोषून घेतें. शीतगृहाच्या भिंती आंत फेस व दोन्ही बाजूंस पत्रा अशा असतात. फळ तर बहुतांशीं पाणीच! म्हणजे शीतगृहाच्या आड, द्राक्षांच्या थप्प्यांमागें ठेवलेल्या प्रिंटरास कचेरींतल्या राउटरची हांक ऐकूं येत नाहीं, यांत यंत्राचा दोष नाहीं. पॅकिंगच्या दालनांत, माणसाच्या डोक्याहून उंच, उघड्या जागीं लहरी पुरविणारी स्वतंत्र पेटी लावावी आणि ती कचेरीशीं तारेनें जोडावी. दालन रिकामें असतांना जोडणी उत्तम चालते व हंगामांत ती अडखळते, याचें कारणही हेंच. म्हणून कसोटी माल भरलेल्या दालनांतच घ्यावी.

प्रत्यक्ष जोडणीचा क्रम सोपा आहे. तो पाळला जात नाहीं, म्हणून अवघड वाटतो. प्रथम यंत्र तारेनें संगणकास जोडावें, लेबलांचें भेंडोळें बसवावें आणि दोन लेबलांमधील फट यंत्रास ओळखावयास लावावी. ही ओळख झाली नाहीं, तर अर्धें अक्षर एका लेबलावर व अर्धें दुसऱ्यावर उमटतें आणि खापर विनाकारण वायफायवर फुटतें. त्याच वेळीं यंत्राच्या जातीचाच चालक-प्रोग्राम संगणकावर बसविला आहे ना, हें पाहावें. तो भलताच असला, तर लेबलावर मजकुराऐवजीं यंत्राचे हुकूमच छापून येतात.

छपाई ठीक झाली, कीं जाळ्याचें नांव व पासवर्ड यंत्रास सांगावा. बहुतेक लहान प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्‌झचाच पट्टा समजतो. ५ चा पट्टा त्यांना दिसतही नाहीं. राउटर दोन्ही पट्टे एकाच नांवानें चालवीत असेल, तर जोडणीपुरतें तरी २.४ च्या पट्ट्यास निराळें नांव द्यावें. पाहुण्यांसाठीं असलेल्या जाळ्यावर प्रिंटर कधींही ठेवूं नये. त्या जाळ्यावरील यंत्रें परस्परांस भेटूं नयेत अशी योजना मुद्दाम केलेली असते. तेव्हां प्रिंटर ‘जोडला आहे’ असें दाखवितो आणि संगणकास तो सांपडत मात्र नाहीं.

यानंतरची पायरी सर्वांत अधिक विसरली जाते. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास राउटर एक पत्ता देतो. हा पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हां सुरू झाला, कीं कालचा पत्ता आज फोनला आणि फोनचा प्रिंटरला, अशी अदलाबदल होऊं शकते. संगणक जुन्याच पत्त्यावर लेबलें धाडीत राहतो. खेड्यापाड्यांतून वीज येण्याजाण्याचा अनुभव कोणास नवा नाहीं. म्हणून प्रिंटरच्या जन्मजात ओळखक्रमांकाशीं एक पत्ता राउटरमध्यें कायमचा बांधून टाकावा, आणि तो पत्ता कागदावर लिहून प्रिंटरच्या अंगावर चिकटवावा. राउटर, लहरींची पेटी व प्रिंटर यांना विजेचा राखीव सांठा देणारा यूपीएस लावल्यास निम्मी काळजी मिटते.

येथवर सांगितलेले दोष काम थांबविणारे आहेत. काम थांबलें, कीं तें डोळ्यांना दिसतें आणि मनुष्य उपाय शोधतो. खरा धोका याहून निराळा आहे. जोडणी मध्येंच तुटली, तर पाठविलेलीं लेबलें नाहींशीं होत नाहींत. तीं संगणकांत रांग लावून बसतात. काम करणारा मनुष्य अधीर होऊन तोच हुकूम दोनदां, तीनदां देतो. इतक्यांत पहिल्या बागाइतदाराचा माल संपून दुसऱ्याचे क्रेट टेबलावर येतात. जोडणी पुन्हां जुळते आणि प्रिंटर झरझर लेबलें सोडूं लागतो. परंतु तीं असतात पहिल्याचीं! घाईंत तीं दुसऱ्याच्या पेट्यांवर बसतात. कोणतेंही यंत्र बिघडलेलें नसतें, प्रत्येक बारकोड स्वच्छ वाचला जातो, आणि तरीही प्रत्येक पेटी खोटें बोलत असते. परदेशांत एखाद्या पेटींत दोष निघाला, तर ज्यानें तो केला नाहीं त्याच्या बागेवर बोट रोखलें जातें. आणि उत्तम मालाचें श्रेय व पैसाही भलत्याच्या नांवें जमा होण्याचा संभव राहतो.

यावर उपाय यंत्रांत नाहीं, शिस्तींत आहे. बागाइतदार बदलतांना कांटा थांबवावा. संगणकावरील रांग उघडून पाहावी व उरलेले हुकूम पुसून टाकावे. टेबलावर पडलेलीं लेबलें मोजून फाडावीं. छापलेलीं लेबलें ही संख्या, पेट्यांवर लावलेलीं व खराब झालेलीं यांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे. एकाचाही फरक पडल्यास तो सांपडेपर्यंत पुढील माल घेऊं नये. मग नव्या बागेचें पहिलें लेबल काढून त्यावरील नोंदणीक्रमांक क्रेटबरोबर आलेल्या चिठ्ठीशीं दोघांनीं मिळून ताडून पाहावा. एकानें वाचावा, दुसऱ्यानें पाहावा. या साऱ्यास पांच मिनिटें लागतात. हंगामांत पांच मिनिटें जड वाटतात हें खरें. परंतु एक कंटेनर परक्या बंदरांत अडकला, म्हणजे काय घडतें, हें ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांना तीं जड वाटूं नयेत.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. प्रिंटरची तापणारी पट्टी दर नव्या रिबनीबरोबर स्पिरिटसारख्या द्रवानें, यंत्र थंड असतांना पुसावी. तिच्यावरील एक ठिपका मेला, तरी सर्व लेबलांवर एकाच जागीं पांढरी रेघ उठते, आणि ती बारकोडाच्या एखाद्या पट्टीवर आली, तर वाचणारें यंत्र अडतें. दुसरें असें, कीं चार पैशांची एक तार प्रिंटरच्या खणांत नेहमीं ठेवावी. ज्या दिवशीं बिनतारी जाळें रुसेल, त्या दिवशीं संगणकच उचलून प्रिंटरजवळ आणतां येतो, आणि तोडलेला माल उन्हांत ताटकळत राहत नाहीं.

द्राक्षाची छाटणी, डाळिंबाचा बहार, पाण्याची पाळी, औषधांची मात्रा यांचें ज्ञान या भागांतील बागाइतदारांनीं वर्षानुवर्षांच्या कष्टांनीं मिळविलें आहे. त्या ज्ञानाचा शेवट आतां वजनकांट्याशेजारच्या एका लहानशा यंत्रापाशीं होतो. पेटीवर आपलेंच नांव जावें, दुसऱ्याचें आपल्यावर येऊं नये आणि आपलें दुसऱ्यावर जाऊं नये, हा प्रत्येक बागाइतदाराचा हक्क आहे. आणि पॅकहाऊसच्या दालनांत प्रिंटरजवळ उभा असलेला मनुष्य त्या हक्काचा राखणदार आहे.