झगमगाट आणि हिशेब



भाटघर परिसरातील एक ज्येष्ठ दांपत्य दोन दिवसांसाठी पणजीस गेले होते. चौविहार उरकून उभयता मांडवीच्या काठी आली. नदीत कॅसिनोची जहाजे दिव्यांनी झगमगत होती. गोव्याने १९९६ च्या कायदादुरुस्तीने जहाजांवरील जुगारास वाट करून दिली. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो अमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला.

"एकदा आत जाऊन पाहू, खेळायचे थोडेच आहे?" श्रावक म्हणाले.

"अहो, एवढ्या दिव्यांचे बिल कोण भरत असेल?" श्राविकेने शांतपणे विचारले.

व्यापारी मन हिशेबास लागले. एका शून्याच्या रूले चक्रात ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर १०० रुपये लावले, तर ३,७०० रुपये जातात. लागलेल्या घराचे मूळ रकमेसह ३,६०० परत येतात. चक्र कोठेही थांबो, १०० रुपये मालकाचेच! सचोटीच्या व्यापारात ग्राहकास माल व दुकानदारास नफा मिळतो. येथे एकाच्या लाभासाठी अनेकांच्या घरची चूल विझते. सप्त व्यसनांत द्यूताचे नाव प्रथम का, हे त्यांना उमगले.

उभयता काठावरूनच परतली. प्रवेशासाठी काढलेली रक्कम त्यांनी जीवदयेस दिली.

पुढे हे जहाज तरुणांच्या मोबाईलमध्येच शिरले. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. परंतु कायदा दाराशी थांबतो. मनाची राखण नियमच करतो. तो नियम मुले घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहूनच शिकतात.