धूमकेतूचे तेज आणि आपली वही



धूमकेतू हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहतात : त्याचे शेपूट आणि त्याची धास्ती. जुन्या माणसांचे शेंडेनक्षत्र ते हेच. ते उगवले की राजाला वाईट, पिकाला वाईट, असे म्हणत कित्येक पिढ्या गेल्या. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला आणि पृथ्वी त्याच्या शेपटातून जाणार अशी वार्ता पसरली, तेव्हा सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशांतही विषारी वायूवर उतारा म्हणून गोळ्या विकल्या गेल्या. तेव्हा या धास्तीबद्दल आपणच तेवढे ओशाळण्याचे कारण नाही. आजचा विषय मात्र धास्तीचा नाही. धूमकेतूचे तेज कसे वाढते, कसे ओसरते, त्याचे रूप कसे पालटते, आणि ते पाहून लिहून ठेवण्यात तुमच्याआमच्यासारख्यांचा वाटा काय, एवढेच आम्हांला आज सांगायचे आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचार नावाचा अध्याय लिहिला. ग्रहगणितात मुरलेला हा आचार्य तेथे सरळ सांगून टाकतो की, केतूचा उदय आणि अस्त गणिताने कळण्याजोगा नाही. पुढे हजाराहून अधिक वर्षांनी एडमंड हॅले याने १६८२ च्या धूमकेतूचा मार्ग मांडला आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल असे भाकीत केले. हॅले १७४२ साली वारला. धूमकेतू मात्र आला. १७५८ च्या नाताळात तो प्रथम दिसला, तोही कोणा राजवेधशाळेतील पंडिताला नव्हे, तर ड्रेस्डेनजवळ शेती करणाऱ्या योहान पालिच नावाच्या हौशी निरीक्षकाला. त्या दिवसापासून मार्गाचा प्रश्न गणिताच्या ताब्यात आला. आज एखादा धूमकेतू अमुक तारखेला अमुक ताऱ्याशेजारी असेल हे महिनेमहिने आधी सांगता येते. पण तो किती तेजस्वी असेल, असे विचाराल तर वराहमिहिराचेच उत्तर अजून द्यावे लागते. तेजापुरते त्याचे म्हणणे आजही पुष्कळसे खरे आहे.

असे का, ते पाहू. धूमकेतूचा गाभा हा बहुधा काही किलोमीटरांचा, बर्फ आणि धूळ यांचा काळपट गोळा असतो. सूर्यापासून दूर असताना तो नुसता दगड म्हणावा असा पडून असतो. सूर्याजवळ येऊ लागला की बर्फाची एकदम वाफ होते, ती वाफ धूळ घेऊन बाहेर पडते, आणि गाभ्याभोवती लाखो किलोमीटरांचे धूसर वलय तयार होते. यालाच धूमकेतूचे शिर म्हणतात. त्यातील बारीक धूळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने मागे रेटली जाते आणि तिचे पिवळसर, किंचित वाकलेले शेपूट बनते. वायूचे शेपूट निराळे. ते निळसर, बारीक, आणि सूर्यापासून निघणाऱ्या कणांच्या झोताने सूर्याच्या विरुद्ध दिशेला सरळ ताणलेले असते.

आता दगडाचे गणित सोपे आहे. त्याचे सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले की त्याच्यावर चौपट उजेड पडतो. धूमकेतूचे तसे नाही. उजेड चौपट झाला, पण ऊन वाढल्यामुळे वाफ आणि धूळही वाढली. म्हणून त्याचे तेज सोळा पट होऊ शकते, किंवा त्याहूनही अधिक. बर्फ किती, कसला, वरच्या पापुद्र्याखाली किती दडलेला, हे मात्र कोणाला ठाऊक नसते. काही बर्फ फार दूरवरच उडून जातो. प्रथमच सूर्याकडे येणारा धूमकेतू त्यामुळे दुरून मोठा डौल दाखवतो आणि जवळ आल्यावर त्याच्याजवळ दाखवण्यासारखे फारसे उरत नाही.

१९७३ सालचा कोहूटेक आपल्यापैकी वयस्कांना आठवत असेल. शतकातला धूमकेतू म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो साध्या डोळ्यांना दिसलाही. पण ज्या बेताने लोक गच्चीवर चढले होते त्या बेताने दिसला नाही. २०१३ साली आयसॉनचा तसाच बोलबाला झाला, आणि २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना तो विरून गेला. उलट २००७ सालचा होम्स पाहा. हा दुर्बिणीतून शोधावा लागणारा, सूर्यापासून दूर जाऊ लागलेला धूमकेतू. त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. ऑक्टोबरच्या २३-२४ तारखांना तो दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पटींनी उजळला आणि ययाती तारकासमूहात साध्या डोळ्यांना नवा तारा दिसावा तसा दिसू लागला. त्या दिवाळीत रात्री ईशान्येकडे पाहणाऱ्याला तो धुरकट ठिपक्यासारखा दिसत होता.

आता आपल्या गावाकडे येऊ. २०२३ साली एक धूमकेतू सापडला. प्रथम चीनच्या त्सुचिनशान, म्हणजे जांभळा डोंगर, या वेधशाळेने आणि मग दक्षिण आफ्रिकेतील ॲटलास दुर्बिणीने त्याची नोंद केली. म्हणून त्याचे नाव त्सुचिनशान-ॲटलास. जुलै २०२४ मध्ये सेकानिना या जाणत्या शास्त्रज्ञाने लिहिले की, हा सूर्यापाशी पोहोचण्याआधीच मोडून जाईल. तो मोडला नाही. २७ सप्टेंबरला सूर्यापासून सुमारे ५ कोटी ८५ लाख किलोमीटरांवरून तो सुखरूप वळला, आणि १२ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरांवर आला.

आम्ही इंदिरानगरातले चार-पाच हौशी लोक, नोकरीधंदा सांभाळून, एका गच्चीवर जमत होतो. साहित्य म्हणाल तर दहा पट मोठे दाखवणारी हातातली जोडदुर्बीण, एक नकाशा, तांबडा कागद लावलेली विजेरी आणि शाळकरी वही. इंदिरानगरच्या पश्चिमेला महामार्ग, त्यापलीकडे सिडको आणि पुढे अंबडची औद्योगिक वसाहत. क्षितिजालगतचे आकाश या दिव्यांनी खाल्लेले. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळे. पाऊणएक तासाने, डावीकडे शुक्र आणि उजवीकडे स्वाती यांच्या मधल्या पट्ट्यात, आम्ही शोध घेत असू. काही संध्याकाळी ढगांनीच घेतल्या. त्या दिवशीही वहीत तारीख घातली आणि पुढे ‘ढग’ एवढेच लिहिले.

तेज मोजण्याची रीत सांगतो. ती कोणालाही जमेल. ताऱ्यांच्या तेजाला प्रत म्हणतात. अंक लहान तितका तारा ठळक. स्वाती शून्य प्रतीचा, ज्येष्ठा पहिल्या प्रतीची, आणि काळ्याभोर आकाशात डोळ्याला जेमतेम दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा. एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. अडचण अशी की तारा हा टिंब आणि धूमकेतू हा कापसाचा बोळा. टिंबाशी बोळ्याची तुलना करायची कशी? त्यावर युक्ती अशी की दुर्बीण मुद्दाम बिघडवायची, म्हणजे तारा फुगून बोळ्यासारखा दिसतो. दूरचे धूसर दिसणाऱ्या चष्मेवाल्याने चष्मा काढला तरी तेच काम होते. मग एक तारा धूमकेतूहून ठळक आणि एक फिका असे दोन घ्यावेत, आणि तो या दोहोंच्या मध्ये कोठे बसतो ते ठरवावे. तारे मात्र धूमकेतूइतक्याच उंचीवरचे हवेत. क्षितिजाजवळची हवा एका प्रतीहूनही अधिक तेज गिळून टाकते. माथ्यावरच्या ताऱ्याशी खालच्या धूमकेतूची तुलना केली तर धूमकेतूवर अन्याय होतो.

शिराचे रूप शून्य ते नऊ या अंकांनी लिहितात. सगळीकडे सारखे धुरकट असेल तर शून्य, आणि मध्यभागी ताऱ्यासारखे घट्ट असेल तर नऊ. शेपटाची लांबी मोजायला हात लांब करावा : करंगळीची रुंदी म्हणजे सुमारे एक अंश, मूठ म्हणजे सुमारे दहा.

आमच्या वहीत ऑक्टोबरच्या मध्याला हा धूमकेतू पहिल्या प्रतीच्या आसपास आहे. कोजागिरी १६ तारखेला होती. चांदण्याने आकाश धुऊन निघाले, आणि शेपूट करंगळीपुरतेही नीट दिसेना. वीस तारखेनंतर तिसऱ्या प्रतीच्या खाली, मग चौथ्या, आणि शेवटच्या आठवड्यात तो फक्त दुर्बिणीतून दिसणारा एक फिका ठिपका राहिला. दिवाळीत फटाक्यांच्या धुरापलीकडे तो सहाव्या प्रतीच्या घरात होता. तीन आठवड्यांच्या आत तेज शंभर पटींहून अधिक ओसरले.

याचा हिशेबही मांडता येतो. पृथ्वीपासूनचे अंतर दुपटीच्या आसपास गेले, म्हणून चौथा हिस्सा. सूर्यापासूनही तो दूर गेला, वाफ मंदावली, म्हणून आणखी मोठी घट. आणि तिसरे कारण मोठे गमतीचे. ९ ऑक्टोबरच्या सुमारास धूमकेतू जवळजवळ सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये होता. बंद खोलीत कवडशाच्या दिशेने तोंड करून पाहिले की हवेतली धूळ लखलखते. पाठ करून पाहिले तर तीच धूळ दिसतही नाही. तसेच येथे झाले. त्या दोनतीन दिवसांत सूर्यावर पाळत ठेवणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत धूमकेतू शुक्राहूनही तेजस्वी भरला. पुढे कोन बदलला आणि धुळीची ती लकाकी गेली.

याच दिवसांत आणखी एक प्रसंग आला, तो सांगण्याजोगा आहे. वर्तमानपत्रांत धूमकेतूची सुंदर छायाचित्रे येत होती. लांबलचक शेपूट, आणि सूर्याच्या दिशेलाही एक बारीक सुईसारखी रेघ. ही रेघ खरीच होती. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून जाते तेव्हा मागे पडलेली जाड धूळ आपल्याला कडेने दिसते आणि उलटे शेपूट असल्याचा भास होतो. आमच्या गच्चीवरून ती रेघ दिसत नव्हती. गच्चीवर येणारी मुले म्हणाली, ‘‘काका, फोटोत आहे, मग लिहा की!’’ त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकाने तेज १.० लिहिले आणि दुसऱ्याने १.६. कोणी म्हणाले, दोघांचे मिळून १.३ लिहून टाका, म्हणजे वही व्यवस्थित दिसेल.

श्रोतेहो, प्रश्न लहान दिसतो, पण सगळ्या निरीक्षणाचे मर्म येथे आहे. छायाचित्र काही सेकंद, काही मिनिटे उजेड साठवते; डोळा साठवत नाही. छायाचित्र काळ्या आकाशाखालचे होते. आम्ही अंबडच्या दिव्यांसमोर होतो. कॅमेऱ्यात जे आहे ते कॅमेऱ्याच्या वहीत लिहावे, डोळ्याला जे दिसले ते डोळ्याच्या. म्हणून आम्ही लिहिले : ‘सूर्याकडील शेपूट दिसले नाही.’ आणि १.० व १.६ हे दोन्ही आकडे, ज्याचे त्याच्या नावाने, तसेच ठेवले. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात. तो फरक पुसून टाकला तर पुढच्या अभ्यासकाला नोंदींवर किती विसंबावे हे कळायला मार्गच राहत नाही. आणखी एक शिस्त आम्ही पाळली. आजचे भाकीत काय आहे ते आकडा वहीत पडल्यावाचून कोणी पाहायचे नाही. भाकीत आधी डोक्यात शिरले की डोळा त्याची री ओढू लागतो.

कोणी म्हणेल, एवढ्या प्रचंड दुर्बिणी असताना तुमच्या वहीला कोण विचारतो? उत्तर असे की, प्रचंड दुर्बिणीला आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो, तिचा वेळ मोजून वाटलेला असतो, आणि संधिप्रकाशात, क्षितिजालगत ती वळवता येत नाही. धूमकेतू नेमका तेथेच असतो. शिवाय डोळ्याने केलेल्या नोंदींची परंपरा जुनी आहे. होम्स २००७ मध्ये भडकला तेव्हा हा त्याचा पहिलाच भडका नव्हे हे जगाला तत्काळ कळले. कारण १८९२ साली एडविन होम्स या लंडनच्या हौशी निरीक्षकाला तो अशाच भडक्यात सापडला होता आणि त्याने ते नोंदले होते. आज स्लोव्हेनियातील एका वेधशाळेने जगभरच्या अशा नोंदींचे कोठार उघडले आहे. कोठारात एकट्याचा आकडा कच्चा असेल. पण शेकडो प्रामाणिक आकड्यांतून तेजाची रेषा स्वच्छ उमटते, आणि ती एकाएकी वर उसळली किंवा ढासळली तर गाभा फुटला की काय, हा पहिला संशय तिच्यावरूनच येतो.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवीत आली आहे. नाशिकला तर त्र्यंबकच्या वाटेवर शहराचे दिवे मागे टाकले की बरे आकाश अजून मिळते.

पुढचा मोठा धूमकेतू केव्हा येईल हे सांगता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत सापडलेला लेमन फार तर दहाव्या प्रतीपर्यंत जाईल असा पहिला अंदाज होता. त्या दिवाळीत तो चौथ्या प्रतीच्या आसपास पोहोचला. म्हणून भाकिताची वाट न पाहता तयारी करावी. एक वही घ्या. दहा-बारा ठळक तारे आणि त्यांच्या प्रती आजपासूनच ओळखीच्या करून ठेवा. धूमकेतू आला की तारीख, वेळ, आकाशाची स्थिती, कशातून पाहिले, कोणत्या ताऱ्यांशी ताडले, तेज, शिर आणि शेपूट, इतके लिहा. दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असे लिहा. तीही नोंदच आहे. मुलांना बरोबर घ्या, आणि त्यांचा आकडा तुमच्याहून वेगळा आला तर तो बदलू नका.