डांगरी, गटार आणि कायदा
(सफाई कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणाऱ्या अखंड पोशाखाला आपण डांगरी म्हणतो. हा शब्द मूळचा मुंबईचा. डोंगरी भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजांनी तो उचलला. पुढे गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत डांगरी ही यंत्रकामगाराची खूण ठरली. परंतु जो माणूस पिढ्यानपिढ्या परक्याच्या विष्ठेत उतरला, त्याच्या वाट्याला चड्डी आणि कमरेचा दोर एवढाच सरंजाम आला.

आता त्यालाही पोशाख मिळू लागला आहे. त्याचा आनंद मानण्यापूर्वी कायदा नीट वाचावा, अशी माझी विनंती आहे.

हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या सातव्या कलमाने गटारे व मैलाटाक्या यांच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस नेमण्यास बंदी केली. ठेकेदारही त्यातून सुटत नाही. मात्र मालकाने संरक्षक साधने न पुरविता व सुरक्षिततेची कर्तव्ये न पाळता हाताने करून घेतलेली सफाई, तेवढीच या कायद्याने धोकादायक ठरते. शिवाय अधिसूचित साधने व पोशाख वापरून मैला काढणारा मनुष्य या कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. काम तेच, दुर्गंधी तीच, बहुधा जातही तीच. परंतु पोशाख चढताच त्याचा पुनर्वसनाचा हक्क लोपतो!

मी चालविलेल्या एका दाव्यात प्रतिपक्षाने पोशाखाच्या पोचपावतीवरील मृताचा अंगठा पुढे केला. त्याची विधवा समोर उभी होती. मी एवढेच विचारले, "टाकीतील वायू कोणी मोजला होता?" उत्तर आले नाही.

गटारातील हायड्रोजन सल्फाइड श्वासावाटे मारतो. त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणून निर्धास्त होणारा फसतो. डांगरी त्वचा वाचवील, श्वास पुरविणार नाही. म्हणूनच २०१३ च्या नियमांतील यादीत वायुमापक आणि बाहेरून हवा पुरविणारे श्वसनयंत्रही आहे.

म्हणून अंगठा उठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. वायू मोजला काय? श्वसनयंत्र कोठे आहे? हे काम यंत्राने का होत नाही? उत्तर न मिळाल्यास उतरू नका. सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई २०१४ साली १० लाख रुपये ठरविली आणि २०२३ साली ती ३० लाख केली. ती वारसांनी अवश्य मागावी. पण ती मागण्याची पाळीच येऊ नये, यासाठी संघटना हवी.

राजगृहातील सफाई करणाऱ्या सुनीताची कथा आपणांस ठाऊक आहे. भगवंतांनी त्याला नवा झाडू दिला नाही, चीवर दिले. वस्त्र देण्याचा खरा अर्थ तेथे आहे: त्या वस्त्राने माणूस त्या कामातून बाहेर आला. आपल्याला मिळणारा पोशाख आपणांस वर आणतो की खाली उतरवितो, या एकाच कसोटीवर आपण तो पारखला पाहिजे.

जय भीम.