झोपेला धरून आणता येत नाही

हातातलं काम चालू राहू द्या आणि ऐका.

आज आपण झोपेवर बोलणार आहोत, आणि तीही पोलिसांच्या झोपेवर. बचत गटाला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. पण आपल्या गावागावांतून पोरंपोरी पोलीस भरतीला पळतात. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाची सून खात्यात आहे. त्यांची झोप मोडली की घराची मोडते.

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक हवालदार आहेत. ताई बैठकीत पेंगायच्या, हिशोबात चुकायच्या. विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं. मालक रात्रपाळी करून सकाळी घरी येत आणि नऊ वाजता खाटेवर पडत ते चारपर्यंत. झोप मात्र जेमतेम चार तास, तीही तुकड्यातुकड्यांची. त्यांच्यासाठी ताई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नसत. पोरांना शेजारी पाठवत. तरी ते चिडत. एकदा ड्युटीवरून येताना मोटरसायकलवरच डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेली. थोडक्यात निभावलं.

आणि आम्ही काय सांगितलं असेल? "पडू द्या दिवसभर, कधीतरी लागेल झोप." कुणी म्हणालं, मेडिकलमधून गोळी आणा. कुणी म्हणालं, थोडी घेतली तर काय बिघडतं. आज कबूल करतो, आमचं तिन्ही बाबतीत चुकलं होतं.

दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. झोपेची गोळी डॉक्टरांशिवाय घ्यायची नाही, आणि रोज चालू असेल तर मनाने एकदम बंदही करायची नाही. अन् नुसतं पडून राहिल्याने काय होतं, ते आम्हाला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी समजावलं.

तिथे जायलाही ताईंचे मालक तयार नव्हते. "पोलिसाला झोप येत नाही म्हटल्यावर लोक हसतील. मी काय वेडा आहे?" पण हे दुखणं त्यांच्या एकट्याचं नाही. अमेरिका आणि कॅनडामधल्या ४,९५७ पोलिसांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर १० पैकी ४ जणांमध्ये झोपेच्या कुठल्या ना कुठल्या आजाराची लक्षणं आढळली. आपल्याकडे तर वारीचा बंदोबस्त, गणपतीचा बंदोबस्त, निवडणूक, सगळं एकामागून एक येतं.

बाईंनी सांगितलं, माणूस तासन् तास जागा पडून राहिला की शरीराला सवय लागते. खाट म्हणजे जागायची, कूस बदलायची, काळजी करायची जागा. ही सवय मोडायची. याला वर्तन उपचार म्हणतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा.

तो असा. आधी दोन आठवडे वहीत लिहायचं: कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो. चहा किती, डुलकी किती. आपल्या गटाच्या हिशोबासारखंच. दुसरं, खाट फक्त झोपेसाठी. तिथे मोबाइल नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठायचं, अंधुक उजेडात शांत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. तिसरं ऐकून आम्ही चकित झालो: झोप कमी असेल तर पडून राहायचा वेळही कमी करायचा. मालकांना सात तासांऐवजी पाचच तास दिले, साडेनऊ ते अडीच. त्या वेळात झोप सलग लागू लागली की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. चौथं, डोक्यात फिरणारी काळजी झोपायच्या बऱ्याच आधी कागदावर उतरवायची.

पण मैत्रिणींनो, हे तिसरं काम मनाने करू नका. सुरुवातीला दिवसा पेंग जास्त येते. त्या दिवसांत मालकांना गाडीला हात लावू दिला नाही. सहकाऱ्याच्या मागे बसून ते जात. फिट येणाऱ्यांनी किंवा मनाचा मोठा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नये. आणि कुणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तो आजार वेगळा आहे. त्याची तपासणी आधी करा.

पाळी बदलली की वेळापत्रक मोडतं. बाई म्हणाल्या, मोडलं तर हरकत नाही, बंदोबस्त संपला की परत धरायचं. रात्रपाळीच्या शेवटच्या तासांत चहा टाळायचा. दिवसा झोपताना खिडकीला जाड गोधडी लावून अंधार करायचा. रात्रपाळीला निघण्याआधी छोटी डुलकी चालते.

दोन महिन्यांनी मालक सहा तासांच्या आसपास झोपू लागले. सगळं छान झालं असं नाही; बंदोबस्त आला की अजून बिघडतं. पण मालक पोरांशी बोलतात, आणि ताई बैठकीत जाग्या असतात. आता त्या कुकरला शिट्टी होऊ देतात. झोपेची राखण करत बसलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच लागतं, आणि ती आणखी दूर पळते.

एक मात्र खरं, की कामाचे तासच जास्त असतील तर नुसत्या सवयी पुरत नाहीत. २०२२ च्या जानेवारीत आपल्या राज्यात महिला पोलिसांची ड्युटी १२ ऐवजी ८ तासांची करण्याचा आदेश निघाला, तो यासाठीच महत्त्वाचा. घरी आल्यावर त्यांच्यापुढे चूल आणि धुणंही असतंच. खात्यातल्या सुनेला दुपारी झोपलेली पाहून नावं ठेवू नका. ती रात्रभर आपल्यासाठी जागलेली असते.

तेव्हा घरात कुणाची झोप महिनोन् महिने उडाली असेल, तर आजपासून वही घाला आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्य विभागात दाखवा. जाणं जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे, रात्रीही चालू असतो. झोप आणि मन दोन्ही फार बिघडलं, जगणं नकोसं वाटतं असं कुणी बोललं, तर त्याच दिवशी फोन करा, थांबू नका. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

पुढच्या वेळी भेटूच. नमस्कार.